शेऱ्याचा रकाना

बातमी आली तेव्हा मी झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. नवं सत्र सुरू व्हायला दोन दिवस होते आणि दरवर्षीप्रमाणे पोतनीस मॅडमचा तो एकपानी कागद मुलांसाठी काढून घेत होते. दुकानदाराने मशीनचं झाकण लावलं, "साठच ना, मॅडम?" असं विचारलं, आणि तेवढ्यात पर्समधला मोबाइल वाजला. मॅडमची भाची मेधा बोलत होती. "शुभाताई, मावशी गेली. सकाळी, झोपेतच." मी "बरं" म्हटलं. माणूस गेल्याच्या फोनवर कुणी "बरं" म्हणतं का? पण तोंडातून तेवढंच आलं. समोर मशीनमधून त्यांचेच नियम एकामागून एक गरम गरम बाहेर पडत होते. काम शनिवारी दुपारी बारापर्यंत लाकडी ट्रेमध्ये ठेवावे. बारानंतर घेतले जाणार नाही. कारण विचारले जाणार नाही, कुणी सांगूही नये… साठ प्रती होईपर्यंत मी तिथून हलले नाही. काम अर्धवट टाकून धावत गेलेलं मॅडमना आवडलं नसतं, असं स्वतःला सांगितलं.

शालन पोतनीस यांनी इथे बडोद्यात, विद्यापीठात, वीसेक वर्षं डेटाबेस हा विषय शिकवला. ज्यांना हा शब्द परका आहे त्यांच्यासाठी मॅडमचीच व्याख्या देते: माहिती अशी ठेवायची, की आपण मेल्यावरही दुसऱ्याला ती सापडली पाहिजे. पहिल्या तासाला त्या हे वाक्य बोलायच्या आणि मुलं हसायची. मॅडम हसायच्या नाहीत. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते. जन्मभर त्यांनी मोठ्या वह्यांवर रकाने आखले, आणि ते ज्या शिसवी पट्टीने आखायचे ती पट्टी मॅडमच्या पर्समध्ये असायची. कॉम्प्युटर शिकवणारी बाई, पण स्वतःची हजेरीची, कामं आल्यागेल्याची वही मात्र हाताने आखलेली आणि मराठीत लिहिलेली. लग्न केलं नव्हतं. बडोद्यातच वासण्याला एक छोटा फ्लॅट, खादीच्या साड्या, आणि चहात साखर अजिबात नाही. "तुमच्याकडे चहा म्हणजे शिक्षा," असं मी एकदा म्हटलं होतं. "मग पाणी पी," म्हणाल्या.

मी त्यांच्या वर्गात गेले तेव्हा अलकापुरीतल्या प्रत्येक दुसऱ्या इमारतीवर कॉम्प्युटर क्लासची पाटी लागत होती. कुणाचा तरी मावसभाऊ अमेरिकेला गेलेला असायचा आणि त्याच्या नावाने बाकीच्यांना घरी टोमणे बसायचे. माझे बाबा एका कारखान्यात फिटर. आम्ही जळगावकडून आलेले, पाणीगेटला दोन खोल्यांत राहायचो. आईला कॉम्प्युटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण शेजारच्या बायकांना ती बजावून सांगायची, "आमची शुभा कॉम्प्युटरचं करते हं." वर्गात आम्ही तीस-बत्तीस जण आणि बारा कॉम्प्युटर, त्यातले तीन कायम झोपलेले. पहिल्याच दिवशी मॅडमनी तो कागद वाटला, मोठ्याने वाचायला लावला आणि खाली सही घेतली. कागद इंग्रजीत होता, मी इथे मराठीत सांगते आहे. कॉम्प्युटरला हात लावण्याआधी सगळे तक्ते कागदावर काढून दाखवायचे. प्रकल्पासाठी खऱ्या जागी जायचं, दोन दिवस तिथे बसायचं, तिथली माणसं काय लिहितात ते बघायचं. एकाने दुसऱ्याचं उतरवलं तर दोघांनाही शून्य. एक गुजराती मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, शनिवारे ताव आवे तो?" ताप आला तर? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मग काम शुक्रवारी द्यायचं."

पण त्या कागदावरचा त्यांचा सगळ्यात लाडका नियम वेगळाच होता. कोणत्याही तक्त्यात 'शेरा' नावाचा रकाना असता कामा नये. आपल्याकडच्या कुठल्याही रजिस्टरात शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो, तुम्हीही पाहिला असेल. जे कुठेच बसत नाही ते तिथे कोंबायचं. मॅडमना त्याचा राग होता. "शेरा लिहावा लागला याचा अर्थ आधी नीट विचार केला नाही. जे महत्त्वाचं आहे त्याला स्वतःचा रकाना द्या. जे महत्त्वाचं नाही ते लिहू नका." बोलणं बिनतोड होतं. आजही मुलांना मी हेच शिकवते आणि ते बरोबरच आहे. तरीही…

मी प्रकल्पासाठी गेले ते आमच्याच पाणीगेटला, जयंतीकाकांच्या दुकानात. लग्नकार्याला भांडी भाड्याने देणारे. पातेली, पराती, झारे, डाव, पाण्याची पिंपं, सगळं दुकानाबाहेरपर्यंत रचलेलं असायचं. काकांची वही गुजरातीत होती. नाव, भांडी, कधी नेली, कधी परत आली आणि शेवटी 'नोंध', म्हणजे आपला शेराच. त्या रकान्यात मी दोन दिवस अक्षरशः बुडून गेले. 'लग्न मोडलं, भांडी न वापरता परत.' 'वरपक्षाची म्हातारी वारली, चार दिवस जास्त.' 'झारा हरवला, पण माणूस चांगला.' मी ते सगळं हौसेने उतरवून नेलं. मॅडमनी कागद पाहिला आणि लाल पेनाने शेवटचा रकाना वरपासून खालपर्यंत खोडला. "लग्न मोडलं हे कळून भांड्यांच्या तक्त्याला काय करायचंय? परत आली का आणि कधी आली, एवढं सांग." मी नवा तक्ता करून काकांना दाखवायला नेला. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तो दोनदा पाहिला. "आमां नोंध क्यां छे?" यात नोंध कुठे आहे? मी म्हटलं, काका, मॅडम ती नको म्हणतात. ते हसले आणि त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, "बेन, उशिरा येतो तो काहीतरी बोलतो ने. ते आपण ऐकायचं असतं. नाहीतर तो पुढच्या वेळी बीजा दुकानात जातो." मी ते मॅडमना सांगितलं नाही. त्यांच्यापुढे तोंड उघडायची टाप नव्हती.

प्रकल्प द्यायचा शेवटचा शनिवार एप्रिलमधला. त्याच आठवड्यात मंगळवारी आईच्या छातीत दुखायला लागलं आणि तिला इस्पितळात ठेवावं लागलं. शनिवारी सकाळी ती चांगली बोलत होती. चहा आवडला नाही म्हणून नर्सवर रागावलीसुद्धा. फाइल माझ्या मांडीवर होती. बाबा औषध आणायला गेले होते, दोन दुकानांत ते मिळालं नाही म्हणून तिसरीकडे गेले. आईला एकटं टाकून उठवेना आणि घड्याळाकडे बघितल्यावाचून राहवेना. आईनेच ते ओळखलं. "जा गं, तुझं ते देऊन ये. मी कुठे पळून चाललेय का?" बाबा आले तेव्हा बाराला दहा कमी होते. रिक्षावाल्याला मी सारखी "जल्दी, भाई, जल्दी" करत होते. मॅडमच्या खोलीत पोचले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा पंचवीस झाले होते. टेबलावर ट्रे नव्हता, कपाटाला कुलूप होतं. मॅडम वही लिहीत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं. "बारा वाजून गेले," एवढंच म्हणाल्या. मी घामाघूम झालेली, केस विस्कटलेले, हातात फाइल. कारण सांगू नये, या वाक्याखाली माझी सही होती. आणि खरं सांगायचं तर नियमापेक्षा माझा हट्टच मोठा होता. हिला दिसत नाही का? विचारलं तर सांगेन. मी मिनिटभर उभी राहिले. त्यांनी विचारलं नाही. मी वळून निघाले.

परत पोचले तेव्हा आईला आत हलवलं होतं. ती शुद्धीवर नव्हती, आणि पुन्हा आलीच नाही. सोमवारी गेली. 'मी कुठे पळून चाललेय का' हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. तिच्या शुद्धीचा शेवटचा तास मी एका लाकडी ट्रेला द्यायला निघाले होते, आणि त्या ट्रेने तो घेतलाही नाही.

शून्य मिळालं, विषय राहिला. पुण्याच्या एका कंपनीने मला निवडलं होतं, सगळे विषय सुटले तरच, या अटीवर. ती नोकरी गेली. बरोबरचे सगळे आपापल्या वाटेने गेले आणि मी पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वर्गात, त्याच कागदावर पुन्हा सही करून बसले. मॅडमनी काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. त्या वर्षी मी प्रत्येक काम शुक्रवारी दिलं आणि वर्गात पहिली आले. रागाने माणूस अभ्यास करतो तसा मी केला. पुढे खाजगी नोकऱ्या केल्या, बाबांना सोडून लांब जाववेना, आणि काही वर्षांनी विभागात जागा निघाली तेव्हा अर्ज कर म्हणून फोन आला तो मॅडमचाच. मग त्या निवृत्त होईपर्यंत आम्ही एका खोलीत बसत होतो आणि एका टेबलावर डबा खात होतो. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांना आवडायची. हवापाण्यावर बोललो, विद्यापीठातल्या राजकारणावर बोललो, माझं लग्न जमत नव्हतं त्यावर बोललो. "जमलं नाही तरी जेवण जातं गं," म्हणायच्या. त्या एका शनिवारवर मात्र आम्ही कधी बोललो नाही. मला फार काही नको होतं. त्यांना माहीत आहे का, एवढंच कळायला हवं होतं. माहीत नसेल तर एक दिवस सांगून टाकेन, आणि माहीत असूनही बोलत नसतील तर… त्या 'तर'च्या पुढे मी कधी गेले नाही.

एका गोष्टीवरून मात्र माझी त्यांच्याशी दरवर्षी कुरबुर व्हायची. दोन तक्ते एकमेकांना जोडायचा धडा त्या मला शिकवू द्यायच्या नाहीत. सप्टेंबरात कधीतरी सकाळी येऊन सांगायच्या, "आजचा तास मी घेते. जोडणीचा धडा माझा. आणि तू इथे थांबू नकोस, तुझ्यासमोर मला शिकवता येत नाही. घरी जा." मी मनात म्हणायची, वा रे वा, बाईंचा अजून माझ्यावर भरवसा नाही. निवृत्त झाल्यावर तरी सुटका होईल असं वाटलं होतं, तर कसचं काय! वासण्याहून रिक्षा करून यायच्या, वर्षातून तेवढा एकच तास घ्यायला. गेल्या वर्षी तर काठी टेकत आल्या. दम लागला होता, खुर्चीवर बसून शिकवलं म्हणे. मी आपली पाणीगेटला धाकट्या भावाकडे जायची. पितृपक्ष चालू असायचा, आई सवाष्ण गेली म्हणून वहिनी नवमी करते, तिच्याकडे सवाष्ण जेवायला बसलेली असायची. बरं झालं, आयतं पुरणाचं जेवण मिळालं, असं म्हणून मी पानावर बसायची. आता लिहिताना स्वतःचा राग येतो, पण मला तेव्हा एवढंच वाटायचं.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. त्या निवृत्त झाल्यावर तो लाकडी ट्रे माझ्याकडे आला, आणि मी मॅडमपेक्षा कडक झाले. बाराच्या ठोक्याला ट्रे कपाटात. दारात धापा टाकत उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. "बारा वाजून गेले," हे मी त्यांच्याच आवाजात म्हणायची. मला कुणी विचारलं नव्हतं, मग मी का विचारू? मॅडमच्या नावावर मी त्या पोरांवर सूड उगवत होते, आणि वर त्याला शिस्त म्हणत होते.

शेवटची भेट मे महिन्यातली. वासण्याच्या फ्लॅटमध्ये त्या खिडकीशी आरामखुर्चीत बसल्या होत्या, पाय सुजलेले, आवाज खाली गेलेला. मेधा त्यांच्याकडे राहायला आली होती. मला म्हणाल्या, "तोच कागद देतेस का अजून?" मी म्हटलं, "तोच. काना-मात्रा बदललेला नाही." मला वाटलं, खूश होतील. त्या म्हणाल्या, "बदल तो. त्यातला एक नियम मी स्वतःच पाळला नाही." "कोणता?" मी विचारलं. तेवढ्यात मेधा चहा घेऊन आली, मॅडमना खोकला आला, विषय राहिला तो राहिलाच. निघताना मला पुन्हा विचारता आलं असतं. चपला घालताना दाराशी दोन मिनिटं रेंगाळले होते. पण न विचारण्याची सवय आम्हां दोघींनाही इतकी लागली होती…

तेरावं झाल्यावर मेधाने मला बोलावलं. "मावशीच्या कपाटात तुझ्या नावाची चिठ्ठी लावलेला गठ्ठा आहे." गठ्ठ्यात त्यांच्या हजेरीच्या वह्या होत्या, साल घालून ओळीने लावलेल्या, आणि सगळ्यांत वर ती शिसवी पट्टी. मी तिथेच जमिनीवर बसून माझ्या सालाची वही काढली. काळ्या शाईत सरळ आखलेले रकाने. क्रमांक, नाव, काम कोणतं, कधी आलं. शेरा नाही, अर्थातच. माझ्या नावापुढे 'आले नाही'. आणि पानाच्या उजव्या कडेला, जिथे आखणी संपते तिथे, पेन्सिलने एक उभी रेघ ओढलेली होती. थोडी वाकडी. मॅडमची रेघ मी त्या एका पानाखेरीज कधी वाकडी पाहिली नाही. वर लिहिलं होतं, 'शेरा'. सगळा रकाना रिकामा, फक्त माझ्या नावापुढे बारीक अक्षरात: 'आई इस्पितळात होती. चेहरा दिसत होता. मी विचारलं नाही.' दहाव्याला वर्गातल्या मुली आमच्या घरी येऊन गेल्या होत्या, त्यांच्याकडूनच मॅडमना कळलं असणार. त्याखाली शाईने, नंतर कधीतरी लिहिलेली आणखी एक ओळ होती: 'हिला दरवर्षी नवमीला घरी पाठवणे.'

मेधा पाण्याचा पेला घेऊन आली आणि बाजूला ठेवून गेली. मी पुढच्या वह्या उघडल्या. त्या सालापासून निवृत्तीपर्यंत प्रत्येक वहीत तो रकाना होता, आता आधीपासूनच शाईने आखलेला. 'वडिलांचा कारखाना बंद, पहाटे पेपर टाकतो.' 'बहिणीचं लग्न मोडलं, घरात कुणी जेवत नाही.' 'ताप वगैरे काही नाही, निव्वळ आळस. पण खोटं बोलला नाही.' कागदावर नियम तोच ठेवून, मला कळू न देता, बाई मुलांना विचारत होती. आणि दुसऱ्यांदा त्याच वर्गात बसलेल्या मला काय विचारणार? मला विचारायची वेळ निघून गेली होती. ते त्यांना माझ्याआधी कळलं होतं. मी इतकी वर्षं त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकायला थांबले होते, आणि त्या दरवर्षी रिक्षा करून तो शब्द मला देऊन जात होत्या. मी पुरण खाऊन परत येत होते. मॅडम, मला फार राग आला होता तुमचा. तुम्ही असताना हे एकदा म्हणायला हवं होतं, आणि मग तुमच्या गळ्यात पडून रडायला हवं होतं. दोन्ही राहिलं.

यंदाची नवमी शनिवारी आली. सकाळी मी उगाच विभागाच्या दाराकडे बघत होते. काठीचा आवाज आला नाही, कुणी मला घरी जा म्हटलं नाही. जोडणीचा धडा मी घेतला. बरा झाला असावा, मुलं झोपली नाहीत. नंतर खोलीत येऊन बसले. ट्रे टेबलावर होता. बारा वाजले, मी कपाटाची किल्ली हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. वही काढली, शिसवी पट्टी लावली आणि शेवटची एक रेघ ओढली. माझीही वाकडीच आली. साडेबाराच्या सुमाराला दारात एक मुलगी आली, दोन्ही हातांनी फाइल छातीशी धरलेली. आत येईना, बोलेना. कागदावर तिची सही होती ना. मी समोरची खुर्ची पुढे सरकवली.

"ये, बस," मी म्हटलं. "आधी पाणी पी. मग सांग, काय झालं?"